नागपूरच्या उन्हात पुदिना: कुंडीपासून पाट्यापर्यंत

पुदिना लावायला सोपा, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. बाजारच्या जुडीतली एक काडी मातीत खुपसली तरी लागते. नागपुरात प्रश्न लावण्याचा नाही, टिकवण्याचा आहे. नोव्हेंबरात लावलेला पुदिना फेब्रुवारीत कुंडीबाहेर लोंबत असतो आणि पारा ४५ च्या पुढे सरकला की त्याच कुंडीत नुसत्या काड्या उरतात. मग घरात निकाल लागतो की आपल्या हाताला पुदिना जगत नाही. हाताचा काही दोष नसतो. पुदिना हे ओढ्याकाठच्या ओलाव्यात वाढणारं झाड आहे आणि ‘भरपूर ऊन द्या’ हा नेहमीचा सल्ला आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यापुरताच लागू पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुदिना जपून ठेवायचा नसतो, कापायचा असतो. न कापलेला पुदिना उंच जातो, फुलावर येतो, खालून उघडा पडतो. वरचेवर कापलेला दाट होतो. म्हणून इथे लागवड आणि रांधणं वेगळं काढलेलं नाही. कुंडीत कधी किती आहे, त्यावर चटणी, पन्हं की वाळवण ते ठरवायचं.

काडी कुठून आणायची

बियांच्या नादी लागू नका. पुदिन्याच्या बिया उगवायला वेळ घेतात, आणि उगवलेलं रोप मूळ झाडाच्याच वासाचं निघेल याची खात्री नसते. ज्या पुदिन्याचा वास आवडतो, त्याचीच काडी लावावी.

गोकुळपेठ, कॉटन मार्केट, बुधवार बाजार, कुठेही भाजीवाल्याकडे गेलात की जुडी उलटी करून बुडखा बघा. काही जुड्यांमध्ये काड्यांच्या खालच्या पेरांवर पांढरी बारीक मुळं किंवा आडवा पसरणारा पांढरट धुमारा राहिलेला असतो. ती जुडी घ्या. अशी काडी थेट मातीत लावता येते. मुळं नसतील तर बोटाने दाबून टणक लागतील अशा, पण लाकडासारख्या न झालेल्या काड्या निवडा. अगदी कोवळा शेंडा पाण्यात सडतो, जून काडी मुळं धरायला फार वेळ लावते.

नर्सरीतून रोप आणायचं असेल तर आधी एक पान चुरडून चाखा. स्वयंपाकाला लागतो तो आपला नेहमीचा देशी पुदिना. त्याची पानं काडीला जवळजवळ देठाशिवाय चिकटलेली असतात आणि फुलांचा तुरा शेंड्यावर येतो. जपानी पुदिन्याच्या पानाला स्पष्ट देठ असतो आणि फुलं पानांच्या बगलेत गोल झुपक्यांनी येतात. त्यात मेंथॉल भरपूर, म्हणून उत्तर प्रदेशात तेल काढण्यासाठी त्याची मोठी शेती होते. चटणीत मात्र तो जिभेला बोचरा आणि कडवट लागतो, अगदी टूथपेस्ट खाल्ल्यागत. देशी पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन या घटकाचा असतो, मेंथॉल त्यात नाममात्र. म्हणूनच तो सांभार (म्हणजे कोथिंबीर), मिरची, लिंबू यांच्याशी जुळवून घेतो.

मुळं फुटवणं

काडी चार-पाच इंचांची ठेवा आणि खालचा काप पेराच्या किंचित खाली घ्या, कारण मुळं पेरातूनच फुटतात. खालच्या दोन पेरांची पानं काढून टाका; पाण्यात बुडालेलं पान हमखास कुजतं आणि सगळं पाणी नासवतं. वर चार-सहा पानं पुरेत. मोठी पानं असतील तर अर्धी कापली तरी चालतात.

काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या करा. पेला खिडकीत उजेडाला, पण उन्हात नाही. एक दिवसाआड पाणी बदला. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीच्या हवेत आठवडा-दहा दिवसांत मुळं दिसतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जास्त वेळ लागतो. मुळं दीड-दोन इंचांची झाली की लगेच मातीत हलवा. महिनाभर पाण्यात ठेवलेल्या काडीला झुपकाभर मुळं येतात खरी, पण ती पाण्यात वाढलेली नाजूक मुळं मातीत गेल्यावर पुन्हा रुळायला वेळ घेतात.

कुंडी आणि माती

पुदिन्याला खोली कमी आणि रुंदी जास्त लागते, कारण तो आडव्या धुमाऱ्यांनी पसरतो. आठ-दहा इंच खोल आणि जमेल तेवढं पसरट भांडं घ्या. उंच, निमुळत्या कुंडीत अर्धी माती वाया जाते.

भांडं कशाचं, याला आपल्याकडे जरा महत्त्व आहे. पत्र्याचा डबा आणि काळी प्लास्टिकची पिशवी उन्हाळ्यात मुळं अक्षरशः शिजवते. मातीची कुंडी बाहेरून पाझरून गार राहते, पण तेवढीच लवकर सुकतेही. माझी पसंती थर्मोकोलच्या खोक्याला आहे, मासळीवाल्यांकडे मिळतं ते. दिसायला ओबडधोबड, पण बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही आणि पुदिन्याला हवं तसं पसरटही असतं. स्वच्छ धुवा, तळाला बोटभर जाडीची सहा-सात भोकं पाडा आणि विटांवर ठेवा.

आता माती. इथल्या अंगणात खणलं की काळी माती लागते. कापसाला ती सोनं, कुंडीला ताप. ओली झाली की चिकट चिखल, सुकली की दगड, आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. तीच वापरायची असेल तर निम्म्याहून जास्त ठेवू नका. एक मेळ चांगला बसतो: दोन घमेली पोयट्याची किंवा लाल माती, एक घमेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट. कोकोपीट नसेल तर जाडसर रेती चालेल, पण मग उन्हाळ्यात पाणी जास्त घालावं लागेल. खत अर्धवट कुजलेलं असेल तर हात लावू नका. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळं जळतात.

रोपं चार-चार बोटांवर लावा. दाट लावलं तर लवकर भरगच्च दिसतं, पण पावसाळ्यात हवा खेळत नाही आणि तिथूनच रोग सुरू होतो. लावल्यावर चार-पाच दिवस सावलीत, मग हळूहळू सकाळच्या उन्हात.

अंगणातच लावायचा असेल तर त्याला कुंपण घाला, नाहीतर तो पाहता पाहता शेजारच्या मेथी-पालकाच्या वाफ्यात शिरतो. तळ काढून टाकलेली जुनी बादली जमिनीत पुरून तिच्या आत लावला की धुमारे अडतात.

वर्षभराची हवा

ऑक्टोबरात ऊन चटका देतं, पण रात्री उतरायला लागलेल्या असतात. नवी लागवड आणि जुन्या कुंडीची उलथापालथ याच महिन्यात. नोव्हेंबरपासून कुंडी पूर्ण उन्हात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, पानं लहान आणि काडी बुटकी राहते. हे आजारपण नव्हे, खत ओतू नका. एक दिवसाआड पाणी पुरतं. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच घाला.

फेब्रुवारी-मार्च हा पुदिन्याचा खरा सुगीचा काळ. दिवस मोठे होतात, रोज वाटीभर पानं निघाली तरी कुंडी रिकामी दिसत नाही. याच वेळी दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या. त्याहून जास्त नको. नत्र जास्त झालं की पानं मोठाली, पाणचट होतात आणि वास पातळ पडतो.

आता उन्हाळा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मोठी कापणी करा. मातीपासून दोन-तीन बोटं ठेवून सगळा पुदिना कापून घ्या. जीवावर येतं, पण एवढी पानं मेमध्ये पाणी उडवत राहिली तर मुळं पुरी पडत नाहीत. कापल्यावर मातीवर दोन बोटं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) किंवा वाळक्या पाल्याचा थर द्या आणि जागा बदला. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन आणि नंतर दिवसभर सावली, अशी पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू उत्तम. गच्चीशिवाय जागाच नसेल तर ५० टक्के सावलीची हिरवी नेट लावा आणि कुंडी स्लॅबला टेकू देऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. विटा किंवा लाकडी पाटावर ठेवलेली कुंडी त्यातून वाचते.

पाणी सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर, दोनदा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला येतं तेव्हा त्याखाली हात ठेववत नाही, आणि तेच पाणी पाइपने कुंडीत जातं. झाड ‘उन्हाने’ गेलं असं म्हणतात, त्यातली बरीचशी या कढत पाण्याने गेलेली असतात. रात्री बादली भरून ठेवा आणि सकाळी तेच घाला. संध्याकाळसाठी सकाळीच भरून सावलीत ठेवा.

कूलरबद्दल एक सांगायला हवं. खिडकीतल्या कूलरच्या बाजूला हवा जरा ओलसर असते, तिथे पुदिना खूश राहतो. पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी त्याला घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि आठवड्याभरात ते पाणी खारट होत जातं. कूलरच्या जाळीवर जमणारं पांढरं पापुद्र्यासारखं जे दिसतं, तेच मातीत जाऊन बसतं.

मेमध्ये नवी पानं आली नाहीत तरी कुंडी फेकू नका. वरून मेलेला दिसणारा पुदिना जमिनीखालच्या धुमाऱ्यांत जिवंत असतो. माती ओलसर ठेवत राहा. जूनच्या मध्यावर पाऊस आला की आठवडाभरात हिरवे कोंब वर येतात.

पावसाळ्यात उलट काम. कुंडीखालची ताटली काढा, भोकं बुजली नाहीत ना बघा, झड लागली असेल तेव्हा कुंडी आडोशाला घ्या. वरचं कुटार काढून टाका, नाहीतर त्याखाली गोगलगायी घर करतात.

रोग-किडीत दोनच गोष्टींची धास्ती बाळगावी. पहिली लाल कोळी, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत. पानावर पिवळे बारीक टिपके, धूळ बसल्यासारखा रंग आणि पानाखाली विरळ जाळी. सलग चार-पाच सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच गेली तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारा, पण ऊन उतरल्यावर. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. त्यानंतर आठवडाभर खायला तोडू नका. मावा आणि पांढरी माशी यांवरही हेच.

दुसरा तांबेरा, ऑगस्ट-सप्टेंबरात. पान उलटं केलं की खालून नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या, बोट फिरवलं की गंजासारखी भुकटी लागते. याला घरगुती फवारा शोधत बसू नका. सगळा पुदिना मातीलगत कापा, पडलेली पानं वेचा आणि ते सगळं कचऱ्यात टाका, खतखड्ड्यात नाही. खालून नवे कोंब येतील. पुन्हा तोच प्रकार दिसला तर ती माती आणि ते झाड दोन्ही काढून दुसरीकडची काडी लावा. म्हणूनच एक कुंडी शेजाऱ्यांकडे दिलेली असावी.

ऑक्टोबरात कुंडी पालथी केलीत की मधोमध लाकडासारखा जून गड्डा आणि कडेने गोल फिरलेले पांढरे धुमारे दिसतील. मधला भाग टाका. कडेचे धुमारे तीन-चार इंचांचे कापून नव्या मातीत आडवे ठेवा, वर इंचभर माती. महिना-सव्वा महिन्यात पहिली कापणी हातात.

तोडायचं कसं

एकेक पान खुडू नका. शेंड्यापासून खाली येत, बगलेत दोन बारीक कोंब दिसतील त्या पेराच्या थोडं वर कात्रीने कापा. त्या एका काडीच्या जागी दोन वाढतात. एका वेळी कुंडीच्या एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका (एप्रिलची आणि तांबेऱ्याची कापणी सोडून). फुलाचा तुरा दिसला की तो आधी कापा. वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. वासाचं तेल पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं आणि तापलेल्या हवेत ते उडतं.

धुताना पानं मोठ्या भांड्यात बुडवून थोडा वेळ ठेवा आणि वरून उचलून घ्या. भांडं चाळणीत ओतलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच येते.

चटणी काळी का पडते

घरची हिरवीगार चटणी अर्ध्या तासात शेवाळी होते, याचा राग पुदिन्यावर काढला जातो. पान फाटलं की त्यातली विकरं (एन्झाइम) हवेशी मिळून रंग काळवंडवतात आणि मिक्सरच्या पात्याची उष्णता त्याला घाई करते. आंबटपणा आणि गारवा या दोन्हींनी ते मंदावतं. उपाय एवढाच आहे.

दाबून भरलेली एक वाटी पुदिन्याची पानं, दोन वाट्या सांभार (कोवळ्या काड्यांसकट), चार-पाच हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, अर्धा चमचा जिरं, दोन चमचे डाळं, एका लिंबाचा रस, काळं मीठ, चिमूटभर साखर, बर्फाचे तीन खडे. पुदिन्याच्या जाड काड्या घेऊ नका, कडवटपणा त्यांचाच असतो. सांभाराच्या काड्या मात्र टाकू नका, त्यांतच चव आहे.

आधी मिरची, आलं, जिरं, डाळं थोड्या पाण्यात फिरवून घ्या. हे बारीक झाल्यावरच पानं, बर्फ आणि लिंबू घाला आणि थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके देत वाटा. सगळं एकदम टाकून दोन मिनिटं मिक्सर चालवला की डाळं बारीक होईपर्यंत पानं तापतात. डाळ्यामुळे चटणीला पाणी सुटत नाही. आलूबोंड्यासोबत हवी तर एवढी घट्ट राहू द्या. दही घालायचं असेल तर वाटून झाल्यावर चमच्याने फेटून मिसळा. मिक्सरमध्ये दही फिरवलं की ते पातळ होतं. पाट्यावर वाटलेली चटणी जरा भरड राहते आणि तापत नाही, त्यामुळे तिचा वास वेगळाच टिकतो. पाटा असेल तर मिक्सर काढूच नका.

महाशिवरात्रीच्या सुमारास पिकलं कवठ मिळतं. त्याचा गर, गूळ, तिखट, जिरं आणि मीठ यांच्या चटणीत दहा-बारा पानं पुदिना घाला. गूळ-आंबट चवीला त्याने जी धार येते, ती सांभाराने येत नाही.

पन्हं, ताक आणि संत्रं

एप्रिलच्या कापणीचा ढीग पन्ह्यात जातो. दोन कैऱ्या उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून गर काढा. एक वाटी गराला सव्वा वाटी किसलेला गूळ, वीस-पंचवीस पुदिन्याची पानं, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ आणि साधं मीठ. पानं गर पूर्ण गार झाल्यावरच वाटा, गरम गरात ती लगेच तपकिरी होतात. हा गोळा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. पेलाभर थंड पाण्याला तीन-चार चमचे पुरतात. वेलदोड्याचं पन्हं हवं असेल तर पुदिना घालू नका, दोघांचे वास एकमेकांना मारतात.

पुदिन्याने ऊन लागत नाही, असं मात्र समजू नका. त्याचा गारवा ही तोंडातली जाणीव आहे. मेंथॉलसारखे घटक थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतात, शरीराचं तापमान उतरवत नाहीत. पन्ह्यात उपयोगी पडतं ते पाणी, मीठ आणि गूळ. पुदिन्यामुळे पेला चटकन रिकामा होतो, हा त्याचा वाटा.

ताकात पानं वाटून घालण्यापेक्षा ठेचून घाला. खलबत्त्यात सात-आठ पानं, आलं आणि मीठ एकत्र ठेचलं तर मीठ पानाला घासतं आणि रस सुटतो. संत्र्याच्या रसातही ठेचलेलाच पुदिना हवा, पण तो गाळून. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतात, तेव्हाच कुंडीही भरलेली असते. रसात साखर नको, किंचित काळं मीठ आणि मिऱ्याची पूड पुरे.

गरम पदार्थांत

पुदिन्याचं तेल वाफेबरोबर जातं, म्हणून उघड्या कढईत तो शेवटी. पुदिना भातात मात्र वाटण तेलावर परतावं लागतं, नाहीतर हिरवट कच्ची चव राहते. तेव्हा वाटीभरातली पाऊण वाटी वाटून परता आणि उरलेली पानं चिरून भात उतरवल्यावर घालून झाकण ठेवा. बिर्याणीत थरांमध्ये पानं चालतात, कारण दम दिलेल्या भांड्यातून वास बाहेर पडत नाही. पराठ्याच्या कणकेत ताज्यापेक्षा वाळलेला पुदिना बरा, ताज्याने कणीक पाझरते. सांभार वडीच्या सारणात सांभाराच्या चौथाई पुदिना घालून पाहा, त्याहून जास्त घातला तर खसखस-खोबऱ्याची चव दबते. सावजी रश्शात मात्र तो घालू नये, हे माझं ठाम मत आहे. तिथे त्याला जागाच नाही.

उरलेला पुदिना

दोन-चार दिवसांसाठी काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या करून फ्रिजच्या दारात ठेवा. जास्त दिवसांसाठी पानं पूर्ण कोरडी करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. ओलं पान थंडीने काळं पडतं. चटणीचं वाटण, मीठ आणि दही न घालता, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर मेमध्ये कुंडी रिकामी असताना उपयोगी येतं.

वाळवण करायला नागपूरचा एप्रिल-मे अगदी योग्य. हवा इतकी कोरडी असते की उन्हाची गरजच नाही. घरात सुती कापडावर एक थर पसरा, पंखा सुरू ठेवा. दोन-तीन दिवसांत पान चुरचुरतं. उन्हात वाळवलेला पुदिना भुरा होतो आणि त्याला वाळल्या गवताचा वास येतो. पानं अख्खीच काचेच्या बरणीत भरा आणि लागेल तेव्हा हातावर चुरा, पूड करून ठेवली की वास लवकर उडतो. बरणीच्या आतल्या बाजूला दुसऱ्या दिवशी दव दिसलं तर पानं अजून ओली आहेत, परत पसरा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, आपल्याकडेही तेव्हा बुरशी धरते.

पुढच्या मोसमात नवी पानं यायला लागली की जुनी बरणी पराठ्यात आणि ताकाच्या मसाल्यात संपवून टाका. वर्ष उलटलेल्या पानात रंग असतो, वास नसतो.